फक्कीचं बसस्टँड

रविवार, ८ जानेवारी

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र मंगळवारी मिळालं. आईचा गुडघा जिन्यापुरताच दुखतो, सपाटीवर बरा असतो. बाबा बरे आहेत, मीही बरा आहे. तुझी पहाटेची पाळी बदलून दुपारची झाली हे वाचून आई खूश झाली. आता तू पोटभर झोपत असशील, असं तिने स्वतःच ठरवून टाकलं आहे. खरं काय ते कळव.

हे पत्र मी दुसऱ्यांदा लिहितोय. पहिल्यात खाडाखोड फार झाली.

इकडची मोठी बातमी म्हणजे बसस्टँड. शाळेची भिंत आणि बाबांची सुतारकामाची शेड यांच्यामधल्या मोकळ्या जागेत मोठं बसस्टँड करायचं बसच्या ऑफिसने काढलं आहे. आज चार मार्गांच्या गाड्या चार वेगवेगळ्या कोपऱ्यांवर थांबतात. इस्पितळाच्या लाँड्रीतल्या मावशी एका गाडीतून उतरतात आणि पिशवी छातीशी धरून दुसरीकडे पळत सुटतात. शेवटची गाडी शाळेच्या फाटकासमोरच रिव्हर्स घेते. तरीही दोन महिने घराघरांत भांडणं चालू आहेत. नव्या इमारतींमधल्या लोकांना आवाज नको, धूर नको आणि अनोळखी माणसं तर मुळीच नकोत. त्यांचे पुढारी नोटीसकाका. जिन्यात थुंकू नये, कुंड्यांना पाणी बेताने घालावं, असल्या नोटिसा ते स्वतः लिहून लावतात, म्हणून त्यांना हे नाव पडलं.

शाळेच्या हॉलमध्ये सभा झाली. साहेबांनी भिंतीवर नकाशा लावला आणि म्हणाले, बघून घ्या. सगळ्यांनी बघितला, पण कुणालाच काही कळलं नाही.

नोटीसकाका म्हणाले, "हे बसस्टँड नाही, विमानतळ आहे. उद्या आमच्या गॅलरीत गाड्या उभ्या राहतील."

मावशी मागून म्हणाल्या, "राहू द्या की. चढायला सोपं जाईल."

हशा झाला, पण नकाशा काही कळेना. तेव्हा शाळेच्या मोठ्या बाई उठल्या आणि म्हणाल्या, "आमच्या फक्कीला सांगते. तो हे जागेवरच आखेल, खऱ्या मापात. मग सगळ्यांनी त्यावर चालून बघा आणि मत द्या."

मी मागे खुर्च्या रचत होतो. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. ज्या शाळेतून आठवीत बाहेर पडलो तिचंच मैदान पांढऱ्या फक्कीने आखतो म्हणून मुलं मला फक्की म्हणतात. मीही ते मनावर घेत नाही असं दाखवतो. पण त्या दिवशी बाईंनी ते नाव असं घेतलं की मला खुर्ची खाली ठेवायचं सुचेना.

दोन दिवस लागले. भिंतीवरचा मूळ कागद मळेल म्हणून मी त्याची स्वच्छ झेरॉक्स काढून आणली. कोपऱ्यात एकास दोनशे असं प्रमाण छापलं होतं, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर दोन मीटर. बारीक आकडे पुसट आले होते, त्यामुळे सगळं पट्टीनेच मोजून घेतलं. शाळेच्या भिंतीच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. खुंट्या, सुतळी, टेप आणि चार पोती फक्की लागली. सहा फलाट, बसायची शेड, तिकिटाची खिडकी, संडास, पायी चालायची वाट आणि गाड्यांचं वळण एवढं आखलं. प्रत्येक माप तीनदा घेतलं. कर्ण जुळवले, त्यात एका बोटाचाही फरक आला नाही.

काल लोक आले. ताई, तू असायला हवी होतीस. मावशी फलाट दोनवर उभ्या राहिल्या आणि चालत फलाट पाचवर गेल्या. "बावीस पावलं," म्हणाल्या, "आणि आज मी दोन चौक पळते." एका आजोबांनी घरून खुर्ची आणली आणि बसायच्या शेडमध्ये, म्हणजे नुसत्या पांढऱ्या चौकोनात, मांडून तासभर बसले. नोटीसकाका हात पाठीशी बांधून चारही बाजूंनी फिरले. "एवढंच? हे तर आमच्या पार्किंगएवढं आहे," म्हणाले. त्यांचा चेहरा खरोखर सैल झाला होता. साहेब आले, मोबाईलवर फोटो काढला, छान म्हणाले आणि गेले. संध्याकाळपर्यंत मी फक्कीचा फक्कीसाहेब झालो होतो. चेष्टेतच, पण चेष्टा वेगळ्या जातीची होती.

बाबाही आले. शेवटची रेषा आपल्या शेडच्या सतरा मीटर अलीकडे थांबते. तिच्यावर उभे राहून त्यांनी एकदा फलाटांकडे पाहिलं, एकदा शेडकडे.

"ही इथंच थांबते?"

"हो."

"नक्की?"

"तीनदा मोजलंय, बाबा."

"बरं," म्हणाले, आणि टेबलापाशी जाऊन पाठिंब्याच्या कागदावर सही करून आले.  बस या शब्दावर आपल्या घरात चार वर्षं काय होतं, ते तुला मी काय लिहू.

मतदान २२ तारखेला आहे.

तुझा भाऊ,
फक्की (साहेब)


रविवार, १५ जानेवारी

प्रिय ताई,

नमस्कार. आईचा गुडघा तसाच आहे. मी बरा आहे. शाळेतला मागचा नळ अखेर दुरुस्त झाला. गुरुवारी तपासणीला माणसं आली होती, त्यांनी मैदानाचं कौतुक केलं.

तुझी गाडी किती लांब आहे? सहज विचारतो.

सहज विचारत नाही. मला माहीत आहे ती किती लांब आहे. बारा मीटर.

मंगळवारी माझ्या डोक्यात आलं की प्रत्येक फलाटात गाडीचा आकारही काढावा, चाकांसकट, म्हणजे लोकांना आणखी नीट कळेल. शेवटच्या थांब्यावर गाडी उभी होती. ड्रायव्हरमामा चहा पीत होते. मी टेप लावला, नाकापासून शेपटीपर्यंत बारा मीटर. माझा फलाट आठ मीटर चाळीस. वाटलं टेप सरकला. पुन्हा लावला.

मामा म्हणाले, "काय रे, गाडीला शर्ट शिवतोस का?"

मी हसलो. टेप गुंडाळला.

तिथून थेट झेरॉक्सच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "तेवढा मोठा कागद माझ्या मशीनमध्ये मावतो का? दोन तुकड्यांत देत होतो, तर तूच म्हणालास जोड नको, घडी नको, एका कागदावर स्वच्छ दे. मग सत्तर टक्के केला." खरं आहे, मीच म्हणालो होतो. लहान केलेल्या कागदावर एकास दोनशे तसंच छापून आलं आणि त्यावर मी पट्टी धरली. तीनदा मोजलं, ताई. तिन्ही वेळा कागदच मोजला, गाडी एकदाही मोजली नाही.

म्हणजे मी आखलेलं सगळंच्या सगळं खऱ्यापेक्षा लहान आहे. जागेची लांबी छप्पन्न मीटर नाही, ऐंशी आहे. शेवटची रेषा शेडच्या अलीकडे थांबत नाही. ती शेडच्या आत सात मीटर जाते, आणि आपली शेड आहे नऊ मीटर. नकाशात शेड दाखवलेलीच नव्हती, तिथे नुसता कोरा कागद होता. जागा पहिल्यापासून सरकारी आहे, त्यामुळे त्यांनी विचारायचाही प्रश्न येत नाही.

आज पाच दिवस झाले. मी कुणालाही सांगितलेलं नाही.

रस्त्यात लोक थांबून बोलतात. बुधवारी मोठ्या बाईंनी मला स्टाफरूममध्ये बोलावून खुर्चीवर बसवलं. ज्या खोलीच्या दाराशी मी अंगठे धरून उभा राहिलो आहे, तिथे. नोटीसकाकांनी नोटीस लावली आहे: "स्टँडचा आकार आटोपशीर असल्याने आमची हरकत नाही." त्यांच्या शब्दावर निदान साठ मतं पडतात. मी खरं सांगितलं की ती गेली. मग बसस्टँडही गेलं, मावशींची बावीस पावलंही गेली. आणि नाही सांगितलं तर बांधकामाची माणसं एक दिवस येऊन शेडच्या आत खुंटी ठोकतील. तेव्हा बाबा मला विचारतील, नक्की म्हणाला होतास ना.

आणखी एक गोष्ट आहे. मागचं पत्र पहिल्यांदा लिहिलं तेव्हा त्यात होती, म्हणून ते फाडलं. नकाशात चौथ्या फलाटासमोर तुझ्या गावाचं नाव आहे. थेट गाडी. स्टँड झालं तर ती तू घेऊन येऊ शकशील. कुणी तुला ये म्हणायला नको, तू येऊ का विचारायला नको. ड्यूटी म्हणजे ड्यूटी. दुपारी येशील, वीस मिनिटं थांबशील, चहा पिशील. मी तो फलाट आखताना सुतळी चारदा ताणली होती.

मला बसस्टँड हवं आहे ते मावशींसाठी, असं मी सगळ्यांना सांगतो. अर्धं खरं आहे.

गाडीच चालवायची असेल तर या घरात येऊ नकोस, असं बाबा त्या दिवशी म्हणाले. तू बरं म्हणालीस आणि बॅग उचललीस. मी दारात उभा होतो. मी काहीच बोललो नाही. मी अठरा वर्षांचा होतो, पण ते काही कारण नाही. तेव्हाही मी गप्प बसून सगळं आपोआप ठीक होईल याची वाट पाहत होतो, आणि आजही तेच करतोय.

तुझं उत्तर रविवारच्या आत येणार नाही हे मला ठाऊक आहे. कदाचित म्हणूनच आज लिहितोय. मी काय केलं ते पुढच्या पत्रात तुला सांगावं लागेल, एवढं मात्र आता पक्कं झालं.

तुझा भाऊ


सोमवार, २३ जानेवारी

प्रिय ताई,

नमस्कार. सगळे ठीक आहेत. कंबर धरली आहे, म्हणून अक्षर तिरकं आलंय.

शनिवारी शाळा सुटल्यावर मोठ्या बाईंकडे गेलो आणि सगळं सांगितलं. मशीन, सत्तर टक्के, बारा मीटर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा काढून म्हणाल्या, "फक्की किती लागेल?"

"सहा पोती."

"किल्ली घे. सभा चारला आहे, त्याआधी व्हायला हवं."

रविवारी उजाडताच कामाला लागलो. आधी जुन्या रेषा खराट्याने झाडल्या. आपण इतक्या सरळ मारलेल्या रेषा आपणच पुसायच्या म्हणजे काय, ते तुला सांगून कळणार नाही. मग भिंतीच्या कोपऱ्यापासून पुन्हा. या वेळी पहिल्यांदा फलाट तीन आखला, बारा मीटरची गाडी धरून, आणि बाकी सगळं त्याच्याशी ताडून पाहिलं. अकरा वाजता सुतळी शेडच्या दाराशी पोचली.

बाबा आत रंधा मारत होते. मी दारात टेप घेऊन उभा. काय बोलायचं ते रात्रभर पाठ केलं होतं, त्यातलं एक वाक्य आठवेना.

त्यांनी सुतळीकडे बघितलं आणि रंधा खाली ठेवला. भिंतीला टेकवलेल्या फळ्या एकेक करून बाजूला घेतल्या. स्टूल सरकवलं. कामाचं टेबल मधोमध येत होतं. "हे हलत नाही," म्हणाले, "सुतळी खालून घे." मी पोटावर झोपून सुतळी टेबलाखालून पलीकडे काढली. ताई, मी भुशावर फक्की टाकली. बाबा माझ्या पुढे पुढे भुसा झाडत होते, रेषा नीट उमटावी म्हणून.

शेवटची खुंटी बसल्यावर म्हणाले, "आता बरोबर आहे."

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी. गाडी सोळा पावलं असते. तुझ्या फलाटात अकरा भरली."

"मग बोलला का नाहीत?"

"मोजणारा तू. चूक मी काढली असती तर लोकांनी पुढचं मापही मलाच विचारलं असतं." मग म्हणाले, "उशीर केलास. तू गाडीला टेप लावलास ते मी पाहिलं होतं. मला वाटलं होतं बुधवारपर्यंत सांगशील."

गाडी सोळा पावलं असते हे तुम्हाला कसं माहीत, असं मी विचारलं. त्यांनी रंधा उचलला. म्हणजे बोलणं संपलं.

सभेला तीनशेच्या वर माणसं होती. मी पुढे गेलो. बोलायचं ते कागदावर लिहून नेलं होतं. वाचलं, "मी कागद मोजला, गाडी मोजली नाही. आधीचं बसस्टँड खोटं होतं. बाहेर आता खरं आखलं आहे. चूक माझी आहे, ऑफिसची नाही आणि शाळेचीही नाही."

नोटीसकाका उठले. "म्हणजे आम्ही इतके दिवस खोट्या स्टँडवर फिरत होतो?"

"हो."

"आणि तुला कधी कळलं?"

इथे मला लहान उत्तर देता आलं असतं. "बारा दिवस झाले," मी म्हणालो.

हॉलमध्ये कुजबूज झाली. कुणीतरी म्हणालं, आठवी नापासाच्या हातात नकाशा दिला की हेच होणार. त्यावर मावशी फिरून म्हणाल्या, "तुम्ही सगळे शिकलेले त्याच्यावर पंधरा दिवस चालत होता की. तुमच्यातल्या एकाला तरी कळलं का?" मग तो आवाज पुन्हा आला नाही.

सगळे बाहेर आले. ड्रायव्हरमामांनी डेपोतून दहा मिनिटांची परवानगी काढली होती. गाडी फलाट तीनसमोर आली. मी मागे उभा राहून शिट्टी वाजवत हाताने खुणा करत होतो. आता टेपही नव्हता आणि कागदही नव्हता. गाडी आत आली आणि थांबली. पुढे बोटभर रेषा मोकळी, मागेही बोटभर. मामांनी खिडकीतून डोकं काढलं आणि म्हणाले, "शर्ट बसला रे."

पण आता लोकांना दिसलं की बस ही केवढी वस्तू आहे. मोकळ्या मैदानातही ती मोठी दिसत होती. नोटीसकाकांनी बाबांना गाठलं. सगळ्यांसमोर म्हणाले, "तुमची तर शेडच जातेय. तुमची सही लहान स्टँडला होती, ती मागे घ्या. आम्ही सगळे घेतो."

बाबा चारचौघांत बोलत नाहीत हे तू जाणतेस. ते एवढंच बोलले, मी घरी येऊन लगेच लिहून काढलं म्हणून शब्द न् शब्द तेच आहेत: "मी सही बसस्टँडला केली होती, फक्कीला नाही. गाडी एवढी असते, तिला एवढीच जागा लागते. आपण लहान आखलं म्हणून ती लहान होत नाही. माझी थोरली हीच गाडी चालवते. सहा वर्षांत एक ओरखडा नाही."

तू घर सोडून चार वर्षं झाली, ताई. तू जाण्याआधीची दोन शिकण्याची वर्षंही त्यांनी धरली. कुणालाही न विचारता हिशेब बरोबर होता.

मतदान झालं. बाजूने एकशे चौसष्ट, विरोधात एकशे एकतीस. नोटीसकाका विरोधातच राहिले, आणि हॉर्न वाजवायला मनाई असावी ही त्यांची सूचना इतिवृत्तात घ्यायला लावूनच गेले. जाताना माझ्याजवळ थांबले. मी मान खाली घातली. म्हणाले, "रेषा मात्र सरळ मारतोस." साहेबांनी बाबांना सांगितलं की पर्यायी जागा देऊ. बाबा म्हणाले, लेखी द्या. साहेबांनी तिथेच लेखी दिलं. तोवर उरलेल्या दोन मीटरांत स्टुलं होतील असं बाबांचं म्हणणं आहे. कपाटं होणार नाहीत. ते टेबल कुठे न्यायचं म्हणून आज सकाळी त्याच्याभोवती दोनदा फिरले. ते काही मी तुझ्यापासून लपवत नाही.

सोळा पावलांचं मला काल आईने सांगितलं. मागच्या वर्षी बाबा लाकूड आणायला म्हणून दिवसभर बाहेर गेले आणि रिकाम्या हाताने परत आले, तेव्हा ते तुझ्या डेपोत होते. तू खिडकीपाशी हजेरीची सही करत होतीस, तुझी पाठ होती. त्यांनी तुझ्या गाडीच्या बाजूने नाकापासून शेपटीपर्यंत चालून पाहिलं. तू वळायच्या आत फाटकाबाहेर पडले. ताईला लिहू नकोस, असं आईने मला चारदा बजावलं. पाचव्यांदा बजावलं नाही, म्हणून लिहितोय.

मला या आठवड्यात कोण काय म्हणालं याचा अभिमान वाटत नाही, असं लिहिणार होतो. पण ते खरं नाही. वाटतो. बाबांचा वाटतो, तुझा वाटतो आणि फलाट तीनचाही वाटतो.

आता एक काम. ऑफिस ३१ तारखेपर्यंत सूचना घेतंय. आज जेवताना बाबा ताटाकडे बघत म्हणाले, "ते शेवटचं वळण मला पटत नाही. कागदावर दाखवलंय, पण वळताना गाडीची मागची बाजू किती बाहेर फेकली जाते ते कागद काढणाऱ्याला काय ठाऊक. जिला ठाऊक आहे तिला विचार."

मी म्हणालो, "आजच लिहितो. ती माप कळवेल."

"पत्रात कसलं माप," बाबा म्हणाले. "तिला म्हणावं, येऊन दाखव."

आईने पोळी वाढायला पुढे केलेला हात तसाच धरून ठेवला होता. बाबा जेवत राहिले. मी दोन पोती फक्की बाजूला काढून ठेवली आहे, आणि वळणाची बाजू अजून आखलेली नाही.

तुझी वाट पाहत,
आम्ही तिघे